पेन्सिलीतला शेरा

हरकतीचा अर्ज तिनं स्वतःच्याच खिडकीवर, स्वतःच्याच हातानं दाखल करून घेतला. शिक्का मारला, नंबर टाकला, तारीख घातली. पोच म्हणून दुसऱ्या प्रतीवर सही केली आणि ती प्रत घडी घालून आपल्याच पिशवीत ठेवली. शेजारी फडकं घेऊन उभे असलेले मामा, म्हणजे ऑफिसचे शिपाई, डोळे विस्फारून बघत होते.

"आवकताई, अर्ज देणाऱ्या तुम्ही, घेणाऱ्या तुम्ही. आता निकालही देऊन टाका, म्हणजे आम्ही सुटलो."

"निकाल द्यायला वरच्या ऑफिसातून माणूस येणार आहे, मामा. तुम्ही टेबल पुसा."

"पुसतोय की. अठरा वर्षं रोजंदारीवर पुसलं, आता गेल्या महिन्यापासून कायम होऊन पुसतोय. टेबलाला काही फरक कळलेला दिसत नाही."

ती हसली नाही. एरवी हसली असती.

नगरपालिकेच्या तळमजल्यावर, जिन्याखाली, तिची आवक-जावकची खिडकी. इमारतीत शिरणारा प्रत्येक कागद आधी तिच्या हाताखालून जायचा आणि बाहेर पडणाराही. तुंबलेल्या गटाराची तक्रार, दुकानाचा परवाना, जन्माचा दाखला, शेजाऱ्याच्या कोंबड्यांविरुद्ध चार पानी निवेदन. तिचं खरं नाव हजेरीपटावर होतं आणि तिथंच राहिलं होतं. बाकी सगळ्यांना ती आवकताई. डोक्यावरच्या जिन्यावरून चढणाऱ्या पावलांवरून कोण आलं हे तिला न बघता कळायचं. सत्तावीस वर्षं दुसऱ्यांची बढती तिनं अशी डोक्यावरून जाताना ऐकली होती.

हवी होती एकच जागा. मुख्य लिपिकाची. पहिल्या वेळी ती रिकामी झाली तेव्हा बाहेरगावचा माणूस बदलून आला. दुसऱ्या वेळी साहेब म्हणाले, "पुढच्या वेळी नक्की, ताई, शब्द आहे माझा." तिसरी वेळ आत्ताची. तिच्या निवृत्तीला चौदा महिने उरलेले, चौथी वेळ यायची नाही. आणि यादी लागली त्यात नाव टकटकचं.

टकटक टंकलेखक म्हणून लागला होता, म्हणून टकटक. नोकरी अकरा वर्षांची. यादी लागली त्या दुपारी तो खिडकीच्या आतल्या बाजूला येऊन उभा राहिला, शाळेत छडी खायला उभं राहावं तसा.

"ताई, मी मागितली नव्हती हो ही जागा."

"तू मागितली नाहीस म्हणून तर मिळाली. मी मागत बसले."

"तुम्ही हरकत घ्या. खरंच घ्या. मला राग नाही येणार."

"तुला राग येईल म्हणून थांबले होते असं वाटलं का तुला?"

तिला बोलल्यावर वाईट वाटलं. पोरगा वाईट नव्हता, तेच तर दुखणं. वाईट असता तर भांडायला बरं पडलं असतं. आणि तो वाईट नाही हे तिच्याइतकं कुणालाच ठाऊक नव्हतं, कारण त्याचा गोपनीय अहवाल दरवर्षी तीच लिहीत होती.

हे ऑफिसातलं उघड गुपित होतं. वर्ष संपलं की प्रत्येक कर्मचाऱ्यानं वर्षभर कसं काम केलं, याचा अहवाल साहेबांनी लिहायचा, तळाशी शेरा द्यायचा आणि लिफाफा बंद करून वर पाठवायचा. शेरे चार: साधारण, चांगला, अतिशय चांगला, अत्युत्कृष्ट. पण साहेबांना लिहिण्याचा कंटाळा. ते कोऱ्या फॉर्मांचं बंडल तिच्या टेबलावर ठेवायचे.

"ताई, तुमच्या भाषेत वजन आहे. माझ्या भाषेत नुसता आवाज."

"साहेब, हे गोपनीय असतं."

"म्हणून तर तुमच्याकडे दिलं. बाहेर जाणार नाही."

सुरुवातीला तिला मानाचं वाटलं होतं, खोटं कशाला बोला. ती मन लावून लिहायची. उगाच फुगवायची नाही, कुणाला मारायचीही नाही. रेकॉर्डरूममध्ये पाइप फुटला तेव्हा टकटकनं दोन दिवस डोक्यावरून फायली वाहिल्या, ते तिनं लिहिलं. मामा सुटीच्या दिवशीही येऊन पाण्याची मोटर बंद करून जातात, ते लिहिलं. दहा जणांचे अहवाल झाले की शेवटी अकरावा राहायचा. तिचा स्वतःचा.

तिथं पेन अडायचं. स्वतःबद्दल काय लिहिणार? 'मी फार चांगली आहे हो'? साहेब वाचतील तेव्हा काय म्हणतील, बाई स्वतःची आरती स्वतःच ओवाळतेय? ती एक ओळ लिहायची: 'यांच्या कामाबद्दल तक्रार नाही.' आणि शेऱ्याच्या चौकटीत पेन्सिलीनं, अगदी फिकट, 'चांगला'. बाकी सगळं शाईत, एवढंच पेन्सिलीत, म्हणजे साहेबांना खोडायला सोपं. साहेब बघतील, "हे काय, ताई" म्हणतील, खोडतील आणि वरचा शब्द लिहितील. त्यांनी लिहायचा. तो त्यांचा शब्द.

साहेब सह्या करायचे. लिफाफे मामा चिकटवायचे. जावक नंबर ती टाकायची. बंद लिफाफा उघडायचा नसतो, आणि नियम म्हणजे नियम.

*

सुनावणीला वरच्या ऑफिसातून मॅडम आल्या. चाळिशीच्या, सर्दीनं बेजार, एका हातात रुमाल. बैठकीच्या खोलीत लांबच्या लांब टेबल, त्याच्या एका टोकाला त्या आणि दुसऱ्या टोकाला ही.

"एवढ्या लांब बसून भांडायचंय का आपल्याला? अलीकडे या."

ती उठून जवळच्या खुर्चीवर बसली. मॅडमनी अर्ज वाचला. शिंकल्या. पुन्हा वाचला.

"तुमचं म्हणणं, सेवेत तुम्ही सोळा वर्षांनी मोठ्या, तरी डावललं."

"तिसऱ्यांदा."

"इथं नुसती ज्येष्ठता चालत नाही आता, बाई. पाच वर्षांच्या शेऱ्यांची सरासरी 'अतिशय चांगला' लागते. तसं परिपत्रक आलंय चार वर्षांपूर्वी."

"आमच्याकडे नाही आलं."

मॅडमनी फाइलमधून एक कागद काढून तिच्यापुढे सरकवला. वर आवकचा शिक्का, शिक्क्यात नंबर. आकडे तिच्याच हातचे. सातचा पाय लांब ओढायची तिची खोड लहानपणापासूनची.

ती कागदाकडे बघत राहिली. सत्तावीस वर्षं तिनं प्रत्येक कागदाला दार उघडून दिलं होतं, पण 'या, बसा, कशासाठी आलात' असं कुणालाच विचारलं नव्हतं. वाचायला वेळ कुठं होता? बाहेर रांग असायची.

"बरं," ती म्हणाली. "मग माझे शेरे बघा. साहेबांनी कमी दिले असतील तर का दिले, ते त्यांना विचारा."

"तेच बघायला आलेय. एरवी दाखवत नाहीत, पण हरकत आहे म्हणून दाखवता येतं." मॅडमनी आधी टकटकचे अहवाल काढले आणि नाक पुसत मोठ्यानं वाचायला लागल्या. "'स्वतःचं काम संपल्यावर दुसऱ्याच्या टेबलाकडे बघणारा कर्मचारी.' वा. 'चूक झाली तर आधी येऊन सांगतो, म्हणून त्याच्या चुका लहान राहतात.' सुरेख लिहितात हो तुमचे साहेब. यातलं काही खोटं आहे, असं तुमचं म्हणणं आहे का?"

"नाही," ती म्हणाली.

"मग हे तुमचे."

पाच कागद टेबलावर पत्ते मांडावेत तसे मांडले गेले. पाचही कागदांवर तीच ओळ. 'यांच्या कामाबद्दल तक्रार नाही.' पाचही चौकटींत तिची पेन्सिल, जशी ठेवली होती तशी. कुणी खोडलं नव्हतं. कुणी बोटही लावलं नव्हतं. खाली साहेबांची निळी, झोकदार सही, पाच वेळा.

राग येईल असं तिला वाटलं होतं. आला नाही. फक्त पाय जड झाले, दिवसभर उभं राहिल्यावर होतात तसे, आणि ती तर बसलेली होती.

मॅडम तिच्याकडे बघत होत्या. मग त्यांनी टकटकचा एक कागद उचलून तिच्या कागदाशेजारी ठेवला. मग परिपत्रकावरचा नंबर. लांब पायाचा सात तिन्हीकडे होता.

"बाई," त्यांनी आवाज खाली आणला, "हे कुणी लिहिलंय, ते मला विचारावं लागणार आहे. विचारण्याआधी एक सांगते. तुम्ही 'मी' म्हणालात की ते मला नोंदवावं लागेल. मग तुमच्या ऑफिसचे अकराच्या अकरा लिफाफे, पाच वर्षांचे, सगळे परत उघडायचे. ज्यांना पद मिळालं त्यांचं थांबलं. जे शिपाई यंदा कायम झाले ते याच अहवालांवर झालेत, त्यांचंही थांबलं. साहेबांची चौकशी. तुमचीही."

"माझे पाचच बघता येणार नाहीत?"

"सही एक, अक्षर एक. दहा कागद खरे आणि एक खोटा, असं कसं लिहू मी?"

"पण ते दहा खरेच आहेत हो!"

"ठाऊक आहे. वाचलेत मी." मॅडमनी रुमाल नाकाशी धरला. "खोटा अकरावाच आहे."

दाराबाहेर मामांच्या खोकण्याचा आवाज आला. ते कान लावून नव्हते, ते खरंच खोकत होते. ती ऐकत राहिली. तिला वाटलं, निदान दोन मिनिटं तरी आपण हिशेब करू, त्यांचं किती आणि माझं किती. पण हिशेब करावा लागलाच नाही. अठरा वर्षांची रोजंदारी एका बाजूला ठेवली आणि ते पारडं खाली टेकलं.

"मी हरकत मागे घेते."

"कारण लिहावं लागेल."

"काय लिहू?"

"वैयक्तिक लिहा. सगळे तेच लिहितात."

तिनं लिहिलं. मॅडमनी कागद घेतला, थांबल्या, काही बोलतील असं वाटलं, पण त्यांना शिंक आली.

बाहेर साहेब येरझाऱ्या घालत होते.

"काय झालं, ताई? माझं नाव निघालं का?"

"पाच वेळा, साहेब," ती म्हणाली आणि जिना उतरली.

*

नवरा घड्याळजी. घरातल्याच पुढच्या खोलीत त्याचं दुकान, डोळ्याला भिंग लावून बसलेला. त्यानं सगळं ऐकून घेतलं, भिंग न काढता.

"म्हणजे तू 'पुरे' म्हणून ताटावर हात आडवा धरलास," तो म्हणाला, "आणि वाढणारा पुढे निघून गेला."

"आग्रह करतात ना माणसं!"

"ज्याचं ताटाकडे लक्ष असतं तो करतो. अगं, त्याला पंगत उरकायची होती."

"तुम्ही पण त्याचीच बाजू घ्या."

"मी कुणाची बाजू घेतोय? हे बघ, गिऱ्हाईक घड्याळ आणून देतं आणि म्हणतं, काही नाही हो, जरासं मागं पडतंय. मी उघडून बघतो म्हणून कळतं आत काय झालंय. न उघडता 'जरासं' म्हणून परत दिलं असतं, तर?"

"तर तुमचं दुकान बंद पडलं असतं."

"त्याचं पडत नाही ना. सरकारी आहे."

तिला हसू आलं आणि हसता हसता डोळ्यांत पाणी. त्यानं तेव्हा भिंग काढलं. उठून गॅसवर भाताचं पातेलं चढवलं, जे तो वर्षातून दोनदा करायचा.

त्यानंतरचे दिवस तिचे तिलाच ओळखू येईनात. साडेपाच वाजले की ती खिडकी लावून घ्यायची, पलीकडे कुणी उभं असलं तरी. आधी ती चुकलेले अर्ज दुरुस्त करून द्यायची. कुठे सही राहिली, कुठे प्रत लागते, हे आपणहून सांगायची. आता नुसता शिक्का. एका म्हाताऱ्या गृहस्थांनी अर्ज उलटा धरून विचारलं, "बाई, बरोबर आहे का हो?" ती म्हणाली, "बाहेर लिहून देणारे बसतात." ते गेले. तिला त्याचं काहीच वाटलं नाही. काहीच वाटलं नाही, याचं मात्र घरी जाताना अर्धा रस्ता वाटत राहिलं.

टकटक आता वरच्या काचेच्या खोलीत बसायचा. दिवसातून दोनदा काही ना काही निमित्त काढून खाली यायचा. ती त्याला हं म्हणायची. त्यापेक्षा जास्त काही तिच्यात उरलं नव्हतं.

*

वर्ष संपलं. साहेबांनी बंडल आणून टेबलावर ठेवलं, नेहमीसारखं, हळूच, उधार पीठ मागायला आल्यासारखं.

"ताई, तेवढं जरा."

"नाही, साहेब."

"म्हणजे उद्या?"

"म्हणजे नाही."

साहेबांनी इकडेतिकडे बघितलं. मामा फडकं थांबवून उभे होते. "रागावलात का? अहो, ते मागचं... मला बोलला असतात तर मी लिहिलं नसतं का?"

"बोलायचं असतं होय?"

"मी वाचत नाही हो, ताई. तुम्ही लिहिलंय म्हटल्यावर वाचायचं काय? इतका विश्वास तुमच्यावर."

तिनं त्यांच्याकडे पाहिलं. माणूस खरं बोलत होता. सत्तावीस वर्षांत तिला मिळालेलं सगळ्यात मोठं प्रशस्तिपत्र होतं ते, आणि त्यानंच तिचा घात केला होता.

"ज्याची सही, त्यानं लिहायचं," ती म्हणाली आणि बंडल खिडकीच्या फळीवरून त्यांच्याकडे सरकवलं.

पुढचे आठ दिवस ऑफिसात हसू पिकलं. साहेब एकेकाच्या टेबलाशी जाऊन उभे राहत, वही घेऊन. मामा तर येईल त्याला साभिनय सांगत. "मला विचारतात, मामा, तुम्ही सकाळी किती वाजता येता? म्हटलं, साहेब, ऑफिसचं कुलूप कोण काढतं वाटलं तुम्हाला? तर म्हणतात कसे, मला ते उघडंच असतं वाटायचं!"

मामा हसून हसून खोकले. तीही थोडी हसली. मग मामा खिडकीशी वाकले आणि आवाज बदलून म्हणाले, "ताई, त्या दिवशी आत काय झालं ते मला ठाऊक नाही. पण मॅडम जाताना मला म्हणाल्या, तब्येत सांभाळा, कायम आहात आता. उगाच कशाला म्हणतील?"

"सर्दी होती त्यांना. काहीतरी बोलल्या असतील."

"असेल," मामा म्हणाले आणि तिचं टेबल पुसायला लागले. सकाळी एकदा पुसून झालेलं होतं.

नवव्या दिवशी साहेबांनी तिला वर बोलावलं. दहा फॉर्म भरून बाजूला रचलेले होते, खाडाखोडीनं भरलेले. एक समोर.

"बसा, ताई. तुमचाच राहिलाय." वही उघडली. "नेमकं काय काय बघता तुम्ही?"

ती बसली. सांगायला लागली. रोजचे दीडशे कागद. कुठला कागद कुठल्या टेबलाला. तीस दिवसांत उत्तर न गेलेल्यांची यादी, जी कुणी मागत नाही तरी ती करते. साहेब लिहीत होते, मध्येच थांबवत होते. "ही यादी मला कधी दिली नाहीत?" "दर सोमवारी तुमच्या टेबलावर असते, साहेब." ते ओशाळले आणि ढिगात हात घालून शोधायला लागले. चार सोमवारांच्या चार याद्या एकाखाली एक निघाल्या.

सांगता सांगता तिला दम लागल्यासारखं झालं. एवढं सगळं आपण करत होतो? आणि आता सांगून उपयोग काय? पाचातलं एक वर्ष सुधारून सरासरी वर येत नाही, हे तिला कळत होतं. साहेबांनाही कळत असावं. तरी ते शेऱ्याच्या चौकटीवर पेन धरून थांबले होते आणि वर तिच्याकडे बघत होते. चेहरा अगदी केविलवाणा.

"काय लिहू, ताई?"

ती उठली. खुर्ची आत सरकवली.

"ते मला विचारू नका, साहेब. नाहीतर परत मीच लिहिल्यासारखं होईल."

"अहो, पण..."

"यादी वाचा तुम्ही आधी. मग लिहा. घाई नाही, आठ दिवस आहेत."

ती जिना उतरून खाली आली. तिच्या मागे साहेबांच्या खोलीतून कागद उलटल्याचा आवाज आला, मग बराच वेळ काही नाही. खिडकीपाशी सात-आठ माणसं ताटकळत उभी होती आणि सगळ्यांत पुढचा माणूस मोठ्यानं म्हणत होता की या ऑफिसात जागेवर कुणी म्हणून कधी सापडत नाही. तिनं खुर्ची ओढली, शिक्क्याची गादी उघडली आणि हात पुढे केला.

"काय आणलंय? द्या बघू," ती म्हणाली, आणि कागद वाचायला लागली.